इन्सुलिन रेझिस्टन्स: नुसतं चालून भागेल का?

मोगरा३९
वय ३९, वजन ५६, उंची पाच फूट दोन इंच. बघणाऱ्याला मी बारीकच वाटते, पण कंबर ८६ सेंमी. पीसीओडी (म्हणजे पीसीओएस, पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा विकार) कॉलेजपासून, मान काळपट. परवाच्या रिपोर्टात उपाशीपोटी साखर १०४, इन्सुलिन १९, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ५.९. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम वाढवा." कोणता, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत. रोज सकाळी पाऊण तास चालते, तरी आकडे हलत नाहीत. जाऊ म्हणते झुंबा लाव, नवरा म्हणतो जिम, योगवर्गाच्या बाई म्हणतात सूर्यनमस्कार पुरेत. मी नक्की काय करू? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज.

आप्पा_कोथरूडकर
चालणं सोडू नका. बाकी सगळी फॅडं आहेत.

जोरबैठक
आप्पा, फॅड कसलं? आपल्या आज्या जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या. त्यांना वेगळी वजनं उचलावी लागत नव्हती, इतकंच.

मोगराताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज अशाच बायका बघते. तुमचे १०४ आणि १९ गुणून ४०५ ने भागले की ४.९ च्या आसपास येतात. हा होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही (हाच इन्सुलिन रेझिस्टन्स) याचा अंदाज, आणि तो चांगलाच चढा आहे. बारीक असून असं कसं, असं वाटत असेल तर पुण्याच्याच मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांचा २००४ सालचा तो प्रसिद्ध फोटो आठवा. ते आणि एक ब्रिटिश डॉक्टर शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. पण ब्रिटिशाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडे वजनकाटा फसवतो, म्हणून बायकांनी कंबर ८० सेंमीच्या आत ठेवायची.

जेवणानंतर इन्सुलिन जी साखर पेशींत ढकलतं, तिचा मोठा वाटा स्नायूंत जातो. स्नायूच कमी असले तर ती ठेवायची कुठे? शिवाय स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो, आणि त्याचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. म्हणून लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. शनिवार-रविवारी अंग मोडेपर्यंत व्यायाम आणि पाच दिवस खुर्ची, यात हा फायदा हातचा जातो.

आता प्रकार. चालणं, सायकल, झुंबा यांनी दम वाढतो, पोटातली चरबी उतरते. वजनाच्या व्यायामाने स्नायू, म्हणजे साखरेचं कोठार, मोठं होतं. अमेरिकेत लुईझियानात मधुमेहींवर नऊ महिन्यांचा एक अभ्यास झाला, २०१० साली छापून आला. त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. एका गटाला नुसतं चालणं, एकाला नुसती वजनं, एकाला दोन्ही, वेळ साधारण सारखाच. एचबीए१सी नीट उतरला तो दोन्ही करणाऱ्यांचा. तुम्हाला मधुमेह नाही, पण सल्ला मी हाच देईन.

जिम नको असेल तर खुर्चीपासून सुरुवात करा. पुढे उभं राहा, पाय खांद्याइतके फाकवा, ढुंगण मागे नेत तीनपर्यंत मोजत खाली या, खुर्चीला जेमतेम टेकलं की उठा. दहा वेळा, तीन फेऱ्या. सोपं झालं की पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरा. शेवटच्या दोन उठाबशांना चेहरा वाकडा झाला पाहिजे, नाहीतर वजन कमी पडतंय. जोडीला भिंतीवर जोर आणि रबरी पट्टा ओढणं. आठवड्यात दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. श्वास रोखू नका.

निशिगंधा_डोंबिवली
पण पीसीओडीत जोराचा व्यायाम केला की कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) वाढतं ना? इन्स्टावर सगळ्या तेच सांगतात.

जोरबैठक
व्यायामाच्या वेळी वाढतं आणि नंतर उतरतं. त्या भीतीपोटी जोराचा व्यायाम टाळायचं कारण नाही. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंचा, असं दिलंय. अमुक एकच प्रकार श्रेष्ठ, असं त्यात कुठेही नाही. जोराच्या व्यायामानंतर लगेच साखर मोजली तर कधी कधी चढलेली दिसते, कारण लिव्हर साखर सोडतं. घाबरू नका, ती उतरते.

रेवा_न्यूजर्सी
माझी भर: जेवणानंतर दहा मिनिटं चाला, रात्री तर नक्कीच. न्यूझीलंडमध्ये टाइप टू मधुमेहींवर करून पाहिलंय. दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी होती. आमच्याकडे थंडीत बाहेर पडवत नाही, मी तळघरात येरझारा घालते. मुलं हसतात.

मोगरा३९
खूप आभार सगळ्यांचे. तीन शंका. दंड फुगतील का? पाळीत करायचं का? आणि सूर्यनमस्कार बंद करू?

जोरबैठक
दंड फुगवायला पोरं वर्षानुवर्षं घाम गाळतात, तुमचे तांदळाच्या पिशवीने फुगणार नाहीत. पाळीत झेपेल तेवढं करा, पोटात फार दुखत असेल तर नुसतं चाला. सूर्यनमस्कार ठेवा, भरभर घातले तर दम लागतो, सावकाश घातले तर खांद्यांना काम मिळतं. फक्त मांड्यांना त्यात वजन कमी पडतं, म्हणून उठाबशा सोडू नका. कुणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी घेत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीने सहसा तसं होत नाही.

आप्पा_कोथरूडकर
पिशवी बासमतीची चालेल की इंद्रायणीचीच हवी?

जोरबैठक
आप्पा, तुम्ही दहा किलोची घ्या.