मदत हवी आहे: १०० डॉलरच्या आसपास बास माशासाठी मासेमारीचा रॉड
मंडळी, टेक्सासमध्ये डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क तलावावर लार्जमाउथ बास मासे पकडायला जातो. पाण्याखाली झाडांचे बुंधे भरपूर, त्यामुळे टेक्सास रिग (गळाचं टोक आमिषात लपवायची, म्हणजे ते अडकत नाही) लावून प्लास्टिकचा वर्म, म्हणजे अळीसारखं आमिष, तळाशी हळूहळू ओढावा लागतो. बास तो तोंडात घेतो आणि लगेच थुंकून टाकतो; हाताला जेमतेम ‘टक्’ लागतं. माझ्या जाड फायबरग्लास रॉडवर ते आणि फांदीला घासणं सारखंच वाटतं.

सात फुटी, टोकाकडेच वाकणारा म्हणजे फास्ट अ‍ॅक्शनचा ग्रॅफाइट रॉड घ्यायचा हे पक्कं. पण स्पिनिंगमध्ये (रीळ रॉडच्या खाली बसतं तो प्रकार) मीडियम ताकदीचा घेऊ की त्याहून कणखर मीडियम हेवी? बुंध्यांतून मासा बाहेर खेचायला ताकद हवीच. सेंट क्रॉय बास एक्स किंवा डॉबिन्स फ्युरी यांपैकी एखादा रॉड कोणी वापरलाय का? आणि मोनोऐवजी (नेहमीच्या नायलॉन दोरीऐवजी) फ्लुरोकार्बन लाइन लावल्यावर हाताला खरंच किती फरक जाणवतो?