सिलिकॉन चिकट राहण्याचं कारण

साच्यात ओतलेल्या बाहुलीचं सिलिकॉन चिकट का राहिलं, या प्रश्नावर एकाने म्हटलंय की भाग अ आणि ब, म्हणजे सिलिकॉनसाठी एकत्र मिसळायचे दोन द्रव, यांचं प्रमाण चुकलं. तसं होऊ शकतं, पण मग सगळी बाहुलीच चिकट राहिली असती. इथे फक्त साच्याच्या जोडावरची पट्टी ओली आहे, म्हणून मला वेगळी शंका येते.

माझ्या बाहुलीचंही हेच झालं होतं. खांद्यापासून कंबरेपर्यंत बोटभर रुंदीची पट्टी दोन दिवसांनीही मधासारखी ओढली जायची, बाकी अंग छान घट्ट. ज्या मूळ पुतळ्यावरून साचा घेतला, त्यावर साच्याचे दोन भाग वेगळे करायला मी मॉडेलिंग क्लेची भिंत घातली होती, तिचा थर प्लास्टरच्या कडेला राहिला होता. त्या क्लेमध्ये गंधक होतं, आणि प्लॅटिनम क्युअर सिलिकॉन (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) गंधकाला लागलं की तिथे सेट होतच नाही. लेटेक्सच्या हातमोज्यांनीही हेच होतं! नायट्राइलचे घ्या, गंधकविरहित क्ले वापरा. आणि ओतण्याआधी साच्याच्या कडेला चमचाभर सिलिकॉन लावून रात्रभर ठेवा आणि घट्ट होतं का ते बघाच, पूर्ण बाहुलीचं सिलिकॉन फुकट जाताना बघवत नाही.