ऑगस्टात कॅरिबियन म्हणजे अरुबाच. कुणाचा विरोध?

मु_पो_एडिसन

स्पष्टच लिहितो. मुलांच्या शाळेच्या सुट्टीत कॅरिबियनला जायचं, तर अरुबा सोडून दुसरं बेट निवडणं हा जुगार आहे. मागच्या वर्षी आम्ही तो हरलो. वादळ आमच्या बेटाला शिवलंसुद्धा नाही, लांबून गेलं, तरी दोन दिवस विमानं बंद. हॉटेलच्या लॉबीत लेकीबरोबर झब्बू खेळत बसलो.

हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून. अरुबा, बोनेर आणि क्युरासाओ ही बेटं व्हेनेझुएलाला खेटून आहेत, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली. वारा सतत असतो, त्यामुळे उकाडा कळत नाही. लेकीला डुंबायला बेबी बीचचं उथळ, संथ पाणी. परतताना अमेरिकेचं इमिग्रेशन अरुबाच्या विमानतळावरच उरकतं, न्यू जर्सीत नूअर्कला उतरलं की बॅगा घ्यायच्या आणि घर. यंदा सांगलीहून आई-बाबाही येतायत. त्यांच्याकडे अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा आहे, त्यावर अरुबाला वेगळा व्हिसा लागत नाही.

आता बोला.

चिंचगूळ

बोलते. अरुबाला जाऊन आलेय. किनारा सुंदर, प्रश्नच नाही. पण किनाऱ्याला पाठ केलीत की काय दिसतं? निवडुंग, उघडे खडक, शेळ्या आणि वाऱ्याने एकाच दिशेला वाकलेली दिवी-दिवीची झाडं. आई-बाबांना हेच दाखवायचं असेल तर सांगलीहून आटपाडीची एसटी आहे की! पाम बीचवर तर उंच हॉटेलांची रांग आणि मॉल. आठवडाभरात एकाही स्थानिक माणसाशी धड बोलणं झालं नाही, हॉटेलचे कर्मचारी सोडले तर.

माझं मत त्रिनिदाद-टोबॅगोला. तेही दक्षिणेलाच आहे, वादळं बहुतेक वेळा वरून निघून जातात. पाऊस पडतो, पण पावसाला आपण कधीपासून घाबरायला लागलो? भारतीय पासपोर्टला तिथे व्हिसा लागत नाही. आणि शाकाहारी माणसाला इतकं सुखाचं दुसरं बेट नाही. सकाळी गाडीवर 'डबल्स' मिळतात: हळद घातलेल्या दोन मऊ पुऱ्या, त्यांना 'बारा' म्हणतात, मध्ये छोले, वर काकडी आणि झणझणीत मिरची. विकणारा विचारतो, 'पेपर' म्हणजे तिखट किती? पहिल्या दिवशी 'स्लाइट', म्हणजे किंचित, म्हणा. कोल्हापूर-सांगलीचा अभिमान दुसऱ्या दिवशी दाखवा.

कागदपत्रं_आधी

तुम्ही दोघं भांडा, पण इथे वाचणाऱ्यांत निम्मे एच-वन-बीवाले असतील. पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपला असेल आणि नवा घेतला नसेल, तर अरुबा काय आणि त्रिनिदाद काय, परत येताना अडकाल. अशांनी पोर्टो रिको बघावं, ते अमेरिकेचंच, देश सोडावाच लागत नाही. यूएस व्हर्जिन आयलंड्सही चालतील, पण तिथून निघताना इमिग्रेशनवाले कागद तपासतात, पासपोर्ट सोबत ठेवा.

पोर्टो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावर मॉस्किटो बे आहे. रात्री वल्हं मारलं की पाणी निळं चमकतं. कोकणात कधीमधी लाटा अशा उजळतात, तेच, पण इथे वर्षभर आणि कितीतरी दाट. पोहायला बंदी आहे, होडीतून बघायचं. चंद्र असेल तर मजा जाते, म्हणून तिकीट काढायच्या आधी कालनिर्णय उघडा आणि अमावस्या गाठा. शुभकार्याला अमावस्या शोधायची वेळ आयुष्यात एकदाच येते.

मु_पो_एडिसन

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्टो रिकोत काय केलं ते विसरलात? ऑगस्ट म्हटलंय मी, डिसेंबर नाही.

कागदपत्रं_आधी

मान्य. ऑगस्टात मीही जाणार नाही.

अवांतर: बेट कुठलंही निवडा, किनारा कुठल्या बाजूचा आहे ते बघा. २०११ पासून सरगॅसम नावाचं शेवाळ उन्हाळ्यात ढिगांनी वाहून येतं आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास मारतं. मार बसतो तो बहुतेक वाऱ्याच्या, म्हणजे पूर्वेकडच्या किनाऱ्यांना. हॉटेलच्या फोटोत ते कधीच दिसत नाही.

शंकेखोर

चिंचगूळताई, 'वादळं वरून जातात' असं त्रिनिदादच्या शेजारच्या ग्रेनडा बेटावालेही म्हणायचे. २००४ मध्ये आयव्हन आलं, १ जुलै २०२४ ला बेरिल ग्रेनडाच्याच कॅरियाकू बेटावर आदळलं. आणि त्रिनिदादची दुसरी बाजू कोण सांगणार? गुन्हेगारी इतकी वाढली की डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली. त्यात त्या बेटाभोवतीचं पाणी ओरिनोको नदीच्या गाळाने बऱ्याच ठिकाणी गढूळ. आठ वर्षांची मुलगी आणि दोन ज्येष्ठ नागरिक घेऊन लोक निळं पाणी बघायला जातात, छोले खायला नाही. छोले एडिसनच्या ओक ट्री रोडवर मिळतात.

राहिला भारतीय वारशाचा मुद्दा. ती माणसं बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारमधून गेलेली, तीही पाच-सहा पिढ्यांपूर्वी. आपला काय संबंध?

चिंचगूळ

गुन्हेगारीचं खरं आहे. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये रात्री भटकू नये, ओळखीची टॅक्सी ठरवावी. पाणी टोबॅगोत निळंच आहे, विमानाने अर्धा तासही लागत नाही. म्हणून दोन दिवस त्रिनिदाद आणि बाकी टोबॅगो असं करावं.

संबंधाचं विचारलंत म्हणून सांगते. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, त्रिनिदादला उतरले. त्यांच्यापैकी कुणीही माझ्या नात्यातलं नाही. पण वॉटरलू गावी समुद्रात एक देऊळ आहे. सिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने ते आधी किनाऱ्यावर बांधलं होतं. जमीन साखर कंपनीची, त्यामुळे देऊळ पाडलं गेलं आणि साधूला चौदा दिवस तुरुंग झाला. सुटून आल्यावर त्याने ठरवलं, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही ना? मग ओहोटीच्या वेळी सायकलवरून दगड-सिमेंट वाहत भर घालायला लागला. वर्षानुवर्षं, बहुतेक एकट्यानेच. त्या चिंचोळ्या वाटेवरून चालताना माझ्या सासूबाई, ज्या विमानतळापासून गुडघ्यांबद्दल बोलत होत्या, एकदम गप्प झाल्या. आडनाव जुळत नसलं तरी चालतं हो.

आणि ऑगस्टच म्हणताय तर ग्रांद रिव्हिएरला लेदरबॅक कासवांच्या हंगामाचा शेवट सापडेल. वेळासला पिल्लं समुद्रात जाताना पाहिली असतील, तर ही त्याच प्रकारची गंमत, फक्त आई कासव जेवणाच्या टेबलाएवढी.

गल्लीत_दादा

इतकं लिहिलं आणि पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल कुणालाच आठवू नये? मार्च १९७१, वाडेकर कर्णधार, वेस्ट इंडीजला आपण पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते याच मैदानावर. गावसकरचं पदार्पण तिथलंच. त्याच मालिकेत शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०, तेही तिथेच. चार कसोटींत ७७४! सरदेसाईच्या ६४२ तर आपण विसरूनच गेलो. अरुबात काय आहे, वारा?

शंकेखोर

आपण जाऊ त्या दिवशी सामनाच नसला तर, दादा? रिकाम्या खुर्च्या बघायला विमानाचं भाडं भरायचं?

मु_पो_एडिसन

एक चूक झाली. काल सांगलीला व्हिडिओ कॉल चालू असताना हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा १९७१ ला सोळा वर्षांचे होते, पेपरातले धावफलक कापून वहीत चिकटवलेले अजून जपून ठेवलेत. ती वही बॅगेत भरून झाली आहे. आई म्हणते देऊळ बघायचं. लेकीला कासव. बायको माझ्याकडे बघतेय, कारण अरुबाचं हॉटेल तिने शोधलं होतं आणि ते अजून फुकट रद्द करता येतं, शुक्रवारपर्यंत.

माझं मत बदललेलं नाही, हे नोंदवून ठेवतो. चिंचगूळ, त्या टॅक्सीवाल्याचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवाल का?

शंकेखोर

प्रवास विमा काढा.