अंगणातल्या टेबलाचे पाय दुसऱ्यांदा कुजले, आता कशाचे करू?

सावद्याची_सून:
नमस्कार मंडळी. जुन्या घराचं दार मोडलं तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या सागवानी फळ्यांचं लांबलचक टेबल करून घेतलं. निंबाखाली अंगणात असतं. सकाळचा चहा, दुपारी मजुरांचा हिशोब, हिवाळ्यात भरिताची भाजलेली वांगी सोलायची बैठक, सगळं त्याच्यावरच. फळ्यांना काही झालेलं नाही. पाय मात्र दुसऱ्यांदा गेले.

पहिले पाय साध्या लोखंडी चौकोनी पाइपचे, वर ऑइलपेंट. पाच पावसाळे टिकले. दुसरे पावडर कोटिंगचे (रंगाची भुकटी मारून भट्टीत भाजलेले), "ताई, आता दहा वर्षं बघायला नको" असं सांगून दिलेले. ते तीनच. रविवारी टेबल सरकवलं तर एका पायाचा खालचा दोन-अडीच इंचाचा तुकडा फरशीवरच राहिला आणि पाइपातून चहापत्तीसारखा गंजाचा चुरा सांडला. वर रंग नव्यासारखा चकचकीत! सासरे म्हणाले, "वरून कीर्तन, आतून तमाशा."

आता एक जण स्टील सांगतो, दुसरा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड), तिसरा अॅल्युमिनियम. आमच्याकडे बोअरचं जड पाणी, उन्हाळ्यात पारा 45च्या वर, आणि अंगण रोज धुतलं जातं. समुद्रकाठचे सल्ले नकोत, इथे खारा वारा नाही.

भुसावळचा_वेल्डर:
ताई, तुमचा पाय पावसानं नाही, अंगण धुण्यानं गेलाय. पाइपच्या तळाशी प्लास्टिकचं बूच असेल. त्याच्या कडेनं पाणी आत चढतं आणि बाहेर पडत नाही. पावडर कोटिंग फक्त बाहेरून बसतं, पाइपच्या पोटात कोरं लोखंडच राहतं. शिवाय एकदा टवका उडाला की कोटिंगखालून गंज सरकत जातो, आणि फुगा येईपर्यंत कळत नाही. कोटिंगवाल्याला शिव्या देऊ नका, माझ्या धंद्यातल्या माणसाला द्या. तळाला पत्र्याची पट्टी मारून वेल्डिंगनं बंद करायला हवं होतं, आळस केला.

जीआय चांगलं, पण फसवतं. वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळून जातं (तो पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो, मी भोगलंय). नेमका सांधाच उघडा पडतो. तिथे ब्रश मारून झिंकवाला प्रायमर लावलाच पाहिजे. आणि जीआयवर थेट ऑइलपेंट मारला तर वर्षा-दोन वर्षांत पापडासारखा सुटतो. आधी वॉश प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड धरणारा पातळ थर, लागतो.

खरा इलाज म्हणजे साध्या लोखंडाचे पाय पूर्ण वेल्ड करून मग अख्खेच्या अख्खे वितळलेल्या जस्तात बुडवून आणायचे. आत-बाहेर दोन्हीकडे जस्त. दिसायला राखाडी, ओबडधोबड, पण ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. पाइप 16 गेजचा घ्या (गेजचा आकडा कमी तितका पत्रा जाड). 18चा हलका लागतो आणि लवकर भोक पडतं.

चोपडा_भांडीवाला:
स्टील घेणार असाल तर त्याचा ग्रेड 202 का 304 ते आधी विचारा. दुकानात नुसतं "एसएस" (स्टेनलेस स्टील) म्हणतात आणि 202 गळ्यात मारतात. चुंबक लावून दाखवतील, त्याला भुलू नका, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. फरक निकेलचा. 304मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, 202मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं. उघड्यावर 202वर तांबूस ठिपके येतातच. अजून एक, लोखंड कापलेल्याच चकतीनं स्टील कापलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि 304वरही डाग उठतात. नवीन चकती लावायला लावा, समोर उभं राहून.

अॅल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही हे खरं, पण तुमच्या सागवानाचं वजन पेलायला पाइप चांगला जाड लागेल.

केळीवाला_रावेर:
मी पाइपच्या भानगडीत पडत नाही. अँगल घ्या, म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी. त्याला पोटच नाही, चारी बाजू डोळ्यांना दिसतात, कुठे गंज धरला तर घासून रंग मारता येतो. माझ्या पंपाजवळचा बाक अँगलचाच आहे, दर दिवाळीला एक हात मारतो. बसताना पोटरीला कड लागते हा त्याचा दोष.

आणि ताई, एक विचारू? चारांपैकी एकच पाय तुटला ना? त्याच्याजवळ काय ठेवलेलं असायचं?

सावद्याची_सून:
भाऊ, तुम्ही विचारलं आणि मी उठून बघून आले. तुटलेला पाय ओट्याच्या बाजूचा. ड्रिपमधून सोडायच्या पोटॅश खताची फुटकी गोणी दोन वर्षं तिथेच टेकवून ठेवायचो. फरशीवर अजून तांबूस-पांढरा थर आहे.

केळीवाला_रावेर:
मग झालं. पांढरं असो का लाल, ते पोटॅश बहुतेक क्लोराइडचंच असतं. मिठाचाच भाऊ. समुद्र नाही म्हणता, तुम्ही तो गोणीत भरून आणला! गोणी तिथेच राहिली तर 304लाही बारीक खड्डे पडतील.

सावद्याची_सून:
गोणी आजच गोठ्याकडे हलवली. स्टीलचा भाव ऐकून सासऱ्यांनी पान तोंडात टाकलं आणि विषय बदलला, तेव्हा बुडवलेलं जस्तच. पायाखाली शहाबादीचे तुकडे ठेवते, म्हणजे धुताना पाणी लागणार नाही. वर काळा रंग द्यावा का?

भुसावळचा_वेल्डर:
काळा अजिबात नको, मे महिन्यात पोरांच्या पायाला चटके बसतील. राखाडीच राहू द्या. आणि बुडवायला पाठवण्याआधी प्रत्येक पाइपला वर-खाली भोकं पाडली का ते स्वतः बघा. बंद पाइप तापलेल्या जस्तात फुटतो, तिथली माणसं भाजतात. खालचं भोक नंतर बुजवू नका, पाणी तिथूनच निघणार आहे.