मनगटाचं प्लास्टर निघालं, पण पसा होत नाही – मदत हवी आहे

परसदार

आईचं वय ६८, चिपळूणला असते. पावसाळ्यात मागीलदारी शेवाळावरून पाय घसरला, पडताना उजवा हात टेकला आणि मनगटाशी मोडला. डॉक्टरांनी भूल देऊन हाड बसवलं, कोपराच्या खालपर्यंत प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं. कागदावर 'कॉलीज फ्रॅक्चर' असं लिहिलंय. ऑपरेशन, प्लेट वगैरे काही नाही.

मनगट आता वरखाली बऱ्यापैकी होतंय. मूठही जवळजवळ पूर्ण वळते. नको म्हटलं तरी पोळ्या लाटते. पण हात उताणा होत नाही. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला की अंगठा वर राहून तळहात तिथेच थांबतो. मग ती कोपर पोटाशी दाबते, सगळं अंग उजवीकडे कलतं करते, तरी निम्मं तीर्थ खाली. भाताचा घास तोंडाशी नेताना सांडतो. भाजीवाल्याने सुटे पैसे दिले तर डावा हात पुढे करते, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटतं.

डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ तेल लावून हात पिळून 'मोकळा' करून देतो म्हणतायत.

माझे प्रश्न: मोडलं मनगट, आणि मनगट तर हलतंय, मग हे अडकलंय कुठे? पालथा हात जमतो, उताणा का जमत नाही? घरी काय करावं, काय करू नये? मी पुण्यात असते, शनिवार-रविवारच जाता येतं.

गोगलगाय

माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं. बरेच महिने गेले, पण आता वेणी-फणी, चपात्या, सगळं करतात. काकूंना धीर द्या. आणि हात पिळून घेणं अजिबात नको!

अण्णा_लांजेकर

सरसकट नको म्हणू नये. आमच्याकडे हाडवैद्याकडून मालीश करून घेतलेले कित्येक लोक ठणठणीत आहेत. प्लास्टरने हात आखडतो, तेलाने सुटतो, एवढं साधं आहे.

फिजिओ_ठाणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हाताचे पेशंट रोज बघते. काकूंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं त्या बेताने घ्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तळहात वर-खाली वळतो तो मनगटात वळतच नाही. मनगट पुढे-मागे होतं, थोडं अंगठ्याकडे आणि करंगळीकडे झुकतं, बस्स. पालथ्याचा उताणा होतो तो कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात. तिथे दोन हाडं आहेत. करंगळीच्या बाजूचं अल्ना, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. कोपराशी अल्ना जाड आणि घट्ट बसलेली, मनगटाशी ती बारीक. रेडियसचं बरोबर उलटं. हात उताणा असताना दोन्ही शेजारी-शेजारी असतात. पालथा केला की रेडियसचं खालचं टोक अल्नाला वळसा घालून पलीकडे जातं आणि हाडांची फुली होते. बादलीची कडी जशी दोन टोकांवर फिरते, तसं रेडियस वर कोपराशी आणि खाली मनगटाशी अशा दोन ठिकाणी फिरतं.

स्वतःच्या हातावर बघा. कोपर काटकोनात वाकवा. बाहेरच्या बाजूला हाडाचं जे टोक लागतं, त्याच्यापासून बोटभर पुढे, हाताच्या दिशेला, एक खळगा आहे. तिथे दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवून तळहात पालथा-उताणा करा. अंगठ्याखाली काहीतरी गोल फिरताना लागेल. ते रेडियसचं डोकं. एका मजबूत कड्यासारख्या लिगामेंटने ते अल्नाला बांधलेलं असतं आणि त्या कड्यातल्या कड्यात गरगरतं. आता बोट मनगटावर करंगळीच्या बाजूच्या उंचवट्यावर ठेवा. ते अल्नाचं टोक. तळहात फिरवताना ते जवळपास जागच्या जागी राहतं, त्याच्याभोवती रेडियस सरकतं.

आता गंमत अशी की पंजा लटकलेला असतो रेडियसवर. मनगटाची आठ छोटी हाडं आहेत, दोन रांगांत. त्यांतली वरच्या रांगेतली स्कॅफॉइड आणि ल्युनेट थेट रेडियसवर टेकतात. अल्ना त्यांना भिडतच नाही, मध्ये कूर्चेची चकती असते. म्हणून रेडियस जिकडे जाईल तिकडे पंजा जातो. आणि काकूंचं मोडलंय ते रेडियसच, मनगटाच्या किंचित वर. म्हणजे एका टोकाला दोन सांधे आहेत: एक मनगटाचा, दुसरा अल्नाशी असलेला. पहिला सुटलाय, दुसरा अडकलाय.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पालथा होणंही थोडं कमी झालं असेल, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण खांदा ते झाकतो. कोपर अंगापासून थोडं बाहेर उचललं की तळहात आपोआप खाली वळतो. करून बघा. पोळी लाटताना आपण नकळत हेच करतो. उताणं करायला मात्र कोपर उलट दिशेला, पोटाच्या आत न्यावं लागेल, आणि तिथे पोट आडवं येतं! म्हणून काकू कोपर दाबतात आणि मग अंगच कलतं करतात. तुम्ही जे वर्णन केलंय ते इतकं नेमकं आहे की दवाखान्यात मी हेच बघायला सांगितलं असतं.

त्यात प्लास्टरमध्ये पंजा अनेकदा पालथ्याकडे झुकलेला असतो. अल्नाच्या टोकाभोवतीचं आवरण तळहाताच्या बाजूने आखडलं की उताणं होणं आधी अडतं.

अण्णा, तेलाला माझी हरकत नाही. हलक्या हाताने लावा, कातडी मऊ होते, माणसाला बरं वाटतं. पण पंजा धरून पिळणं वेगळं. पंजा पिळला की जोर आखडलेल्या सांध्यावर न जाता मनगटाच्या त्या छोट्या हाडांमध्ये आणि चकतीवर जातो. नुकतंच सांधलेलं हाड, ६८ वर्षं वय, हाडं ठिसूळ असण्याचीच शक्यता. नको म्हणजे नकोच.

सुतारपक्षी

धंद्यातली एक गोष्ट सांगतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना आपण हात पालथ्याचा उताणा करतो, सोडवताना उलटं. आवळायला जोर जास्त मिळतो. दंडाचा बेटकुळीचा स्नायू रेडियसलाच जोडलेला आहे, तो फिरवायलाही मदत करतो, असं आमच्या एका गिऱ्हाईक डॉक्टरांनी सांगितलं होतं. कोपर वाकवून स्क्रू ड्रायव्हर फिरवा आणि दंडावर हात ठेवा, फुगलेला लागतो. डावखुऱ्या पोरांना आवळायला कष्ट पडतात ते मी रोज बघतो.

फिजिओ_ठाणे

अगदी बरोबर. बायसेप्स. आणि कोपर काटकोनात असताना त्याचा फिरवण्याचा जोर सगळ्यांत चांगला मिळतो, म्हणून व्यायामही कोपर वाकवूनच.

परसदार, आधी मोजा. काकूंना खुर्चीत बसवा, कोपर बरगड्यांना चिकटलेलं आणि काटकोनात. कोपर सुटू नये म्हणून काखेखाली, कोपराच्या वर, घडी केलेला नॅपकिन धरायला सांगा. तो पडला की खांद्याने चोरी केली. मुठीत लाटणं मधोमध उभं धरायचं. लाटणं म्हणजे घड्याळाचा काटा समजा; काकूंच्या बाजूने बघितलं तर तो आता १२ वर आहे. बाहेर वळवत न्यायचं. चांगला हात ३ च्या जवळपास जातो. रोजची बहुतेक कामं साधारण ५० अंशांत भागतात, म्हणजे २ च्या थोडं अलीकडे. तेवढं आलं तरी पैसे घेता येतात, घास नीट जातो. पसा भरायला त्याहून जास्त लागतं. किती वाजतात ते सांगा.

परसदार

काल गेले होते. नॅपकिन दोनदा पडला, आईला हसू आवरेना. शेवटी १ वाजला, त्याच्या पुढे काटा हलेना. पालथ्या बाजूला १० च्या थोडं पुढे जातं. डाव्या हाताने जवळजवळ ३ आणि ९.

अजून दोन गोष्टी दिसल्या. करंगळीच्या बाजूचं ते हाड उजव्या हाताला जरा जास्तच वर आलेलं वाटतं. आणि अंबाडा घालताना उजवा हात डोक्यामागे जात नाही, खांदा कानाकडे उचलला जातो. खांद्याला तर काहीच लागलं नव्हतं.

फिजिओ_ठाणे

या दोन गोष्टी कळल्या ते फार बरं झालं.

हाड वर आल्याचं डॉक्टरांना जरूर दाखवा. रेडियसचं मनगटाकडचं टोक मुळात तळहाताच्या दिशेला साधारण ११ अंश झुकलेलं असतं. या मोडण्यात ते मागे कलतं आणि चेपून थोडं आखूड होतं. बसवल्यानंतरही प्लास्टरमध्ये पुन्हा थोडं सरकू शकतं. रेडियस आखूड झालं की शेजारची अल्ना पुढे आल्यासारखी दिसते, आणि दोघींमधला सांधा नीट जुळत नाही. तसं असेल तर कितीही व्यायाम केला तरी काटा एका जागी अडेल. म्हणून आता नवीन एक्स-रे समोरून आणि बाजूनेही काढून घ्या, जुन्याशी ताडून बघायला सांगा. डॉक्टरांना नेमकं विचारा: रेडियस किती आखूड झालंय, मागे किती कललंय, अल्नाशी सांधा जुळलाय का? 'येईल हळूहळू' हे उत्तर त्या एक्स-रेनंतर द्यायचं असतं. बहुतेकदा थोडा फरक चालून जातो आणि व्यायामाने काम भागतं, पण बघितल्याशिवाय कसं कळणार.

खांद्याचं: हात गळ्यातल्या झोळीत आठवडेच्या आठवडे राहिला की खांदा आखडतोच. काकूंना प्लास्टर असतानाच खांदा आणि बोटं हलवायला सांगायला हवं होतं, ते बऱ्याच ठिकाणी राहून जातं. खांदा हा उखळीचा सांधा, पण त्याची उखळ इतकी उथळ की दंडाच्या गोळ्याचा थोडाच भाग एका वेळी तिच्यावर टेकतो. हात पूर्ण वर जातो त्या साधारण १८० अंशांत १२० खांद्याच्या उखळीत आणि ६० पाठीवरचं फऱ्याचं हाड फिरून मिळतात. उखळ आखडली की फरा एकटाच काम करायला बघतो. तेच तुम्हाला कानाकडे उचललेलं दिसलं. मधुमेह आहे का? असेल तर फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे खांदा दुखून गच्च आखडण्याचा, धोका जास्त, उशीर करू नका.

घरी करायचं ते असं. कोमट पाण्यात हात दहा मिनिटं, मग लगेच व्यायाम. लाटणं आता मधोमध नाही, एका टोकाला धरायचं, म्हणजे दुसऱ्या टोकाचं वजन हात हळूच बाहेर ओढतं. तिथे थोडं थांबायचं, दहा-पंधरा आकडे मोजायचे, परत आणायचं. डाव्या हाताने मदत द्यायची तर पकड पंज्यावर नको, मनगटाच्या वर, दोन्ही हाडांवर. एकदम अर्धा तास करण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. ताण जाणवला पाहिजे, पण दुखणं तासाभरानंतरही राहिलं तर पुढच्या वेळी कमी करा. खांद्यासाठी आडवं झोपून डाव्या हाताने उजवा वर न्यायचा, किंवा भिंतीवर बोटांनी चढायचं.

जुनी_पोथी

थोडं अवांतर. ज्यांचं नाव या फ्रॅक्चरला आहे ते अब्राहम कॉलीस डब्लिनचे सर्जन. त्यांनी १८१४ साली हे वर्णन लिहिलं, आणि एक्स-रेचा शोध १८९५चा. म्हणजे मोडलेलं हाड न बघता, नुसतं हाताने चाचपून ओळखलं. त्यांचं म्हणणं होतं की वाकडेपणा जन्मभर राहील, पण कालांतराने हालचाल पूर्ण परत येईल आणि दुखणंही जाईल.

फिजिओ_ठाणे

वाकडेपणा राहूनही पुष्कळ लोकांचं छान चालतं हे खरं. 'पूर्ण' आणि 'सगळ्यांचं' याला मात्र मी सही करणार नाही.

गोगलगाय

सासूबाईंच्या वेळी अंगठ्याचं काहीतरी बघायला सांगितलं होतं, आठवत नाही नीट.

फिजिओ_ठाणे

बरी आठवण केलीत. तळहात टेबलावर पालथा सपाट ठेवून फक्त अंगठा टेबलावरून वर उचलायचा. तो उचलणारी शीर (स्नायूची दोरी, रक्ताची नव्हे) रेडियसच्या मागच्या बाजूने एका उंचवट्याला वळसा घालून जाते. हाड मोडल्यावर काही आठवड्यांनी ती तिथे झिजून तुटू शकते, दुखतही नाही फारसं. अचानक अंगठा उचलेनासा झाला तर त्याच आठवड्यात डॉक्टर. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील तर तेही सांगा, मनगटातली नस दाबली जात असू शकते. आणि हात सुजून लाल, चकचकीत, घामेजलेला, नुसता स्पर्श झाला तरी आग होते असं असेल तर व्यायाम थांबवून लगेच दाखवा.

परसदार

अंगठा उचलतो, मुंग्या नाहीत. साखर आहे, गोळ्या चालू आहेत, ते डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं बहुतेक. सोमवारची रजा टाकलीये, एक्स-रे काढून तिथल्याच फिजिओकडे नाव घालते. वाडीतल्या गृहस्थांना आईने स्वतःच सांगितलं, तेल ठेवून जा, पिळायचं आम्ही बघू.

अण्णा_लांजेकर

एक्स-रे झाल्यावर इथे लिहा. आमच्या सौ.चा डावा हात असाच आहे, पाच वर्षं झाली मोडून. इतक्या उशिरा काही होतं का हो, फिजिओताई?

फिजिओ_ठाणे

अण्णा, नॅपकिन, लाटणं, आणि किती वाजतात ते. डाव्या हाताला काटा उलटा, ९ कडे जायला हवा. नवीन धागा काढा, तिथे बोलू.