पेशीतला कण की खणातला? प्लाझ्माच्या सिम्युलेशनसाठी शब्द हवेत

कोरी पाटी:
नमस्कार मंडळी. माझं पीएचडीचं काम रेडिओ वारंवारतेवर चालणाऱ्या प्लाझ्माच्या, म्हणजे ज्याच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेत अशा वायूच्या, संगणकावरच्या सिम्युलेशनवर आहे. धातूच्या दोन समांतर चकत्या, मध्ये कमी दाबाचा हेलियम नाहीतर आरगॉन, आणि चकत्यांना 13.56 मेगाहर्ट्झचा एसी. चिपा बनवताना सिलिकॉन कोरायला असाच प्लाझ्मा वापरतात. एका शाळेत यावर तासभर मराठीतून बोलायचं आहे. भाषांतराच्या अ‍ॅपमधून शब्दांची यादी काढली आणि आईला वाचून दाखवली: 'पार्टिकल-इन-सेल' (ही माझी सिम्युलेशनची पद्धत) म्हणजे पेशीतील कण, प्लाझ्मा म्हणजे रक्तद्रव. आई म्हणाली, "रक्त तपासायच्या लॅबमध्ये कधी लागलीस गं?"

अडलंय ते इथे: सेल, सुपरपार्टिकल, नल कोलिजन, शीथ.

जुना कंडेन्सर:
आधी एक विनंती. प्लाझ्मा हा प्लाझ्माच राहू दे. लँगम्युर या शास्त्रज्ञाने 1928 मध्ये हा शब्द आयनीभूत वायूला लावला, तेव्हा रक्तातला प्लाझ्मा आधीपासून होताच. इंग्रजीवाल्यांचं काही अडलं नाही, आपलंही अडणार नाही.

'डिस्चार्ज'ला पुस्तकी मराठीत 'विद्युत विसर्जन' वाचलंय. पोरं गणपतीच आठवतील. शिवाय विसर्जन म्हणजे एकदाचं संपलं. मुळात साठवलेला विद्युतभार हवेतून ठिणगी पाडून रिकामा व्हायचा, त्यावरून ते नाव पडलं. तुमच्या यंत्रात तर बाहेरून सतत ऊर्जा घालावी लागते, म्हणजे रिकामं काहीच होत नाही. सरळ डिस्चार्ज म्हणा.

आणि तुमच्या यंत्राच्या 'कपॅसिटिव्हली कपल्ड' या नावाला पुस्तकी 'धारित्र-युग्मित' नको हो. पंखा मंद फिरायला लागला की आपण दुकानात जाऊन "कंडेन्सर गेला" म्हणतो. "दोन चकत्यांचा कंडेन्सर, मध्ये वायू" एवढ्यावर आठवीचं पोरगं समजून जाईल.

ओटीवरून:
'सेल'ला खण म्हणा. आमच्या आजोळचं घर बारा खणी होतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. तुमच्या त्या पद्धतीत जागेचे तुकडे पाडतात असं ऐकून आहे. मग खणातला कण! कपाटातला खण आणि चोळीचा खण यांच्याशी कुणी गल्लत करणार नाही.

कोरी पाटी:
ओटीवरून, हे तुम्ही नकळत फारच नेमकं सांगितलंत. आमच्याकडे विद्युतक्षेत्राचा हिशेब जाळीच्या बिंदूंवर होतो, म्हणजे खांबांवर, आणि कण फिरतात मधल्या खणांत. कणाचा विद्युतभार अंतराच्या प्रमाणात दोन्ही खांबांवर वाटून टाकायचा. जवळच्या खांबावर जास्त, लांबच्यावर कमी. तुळईवर झोपाळा टांगला तर भार असाच वाटला जातो. 2013 मध्ये वेगवेगळ्या गटांनी आपापले प्रोग्रॅम ताडून पाहायला हेलियमची चार उदाहरणं ठरवली. त्यांतल्या पहिल्यात 6.7 सेंटिमीटर अंतराचे 128 खण आहेत.

दुपारचा चहा:
सुपरपार्टिकल = महाकण. झालं की.

जुना कंडेन्सर:
महाकण म्हटलं की लाडवाएवढा कण डोळ्यांसमोर येतो. तो खरंच मोठा असतो का?

कोरी पाटी:
आकाराने नाही, हीच तर गोम आहे. समजा घनमीटरला 10 चा 15 वा घात इतके इलेक्ट्रॉन आहेत आणि एवढे मोजणं शक्य नाही म्हणून संगणकात आपण त्यांच्या जागी एक लाखच कण घेतले. त्याच 6.7 सेंटिमीटर फटीत, चकतीच्या दर चौरस मीटरमागे, एकेका कणाच्या वाट्याला 67 कोटी इलेक्ट्रॉन येतात. पण विद्युतभार आणि वस्तुमान दोन्ही एकाच पटीत वाढतात, त्यामुळे तो वळतो, धावतो एका साध्या इलेक्ट्रॉनसारखाच.

ओटीवरून:
मग तो आमदार झाला. बोलतो एकटा, मतं लाखांची. प्रतिनिधी-कण.

दुपारचा चहा:
महाकण मागे घेतो. फक्त निवडून आल्यावर हाही मतदारांसारखाच वागतो, एवढा फरक पोरांना सांगा.

कोरी पाटी:
आता नल कोलिजन. इलेक्ट्रॉन अणूवर आदळण्याची शक्यता त्याच्या ऊर्जेनुसार बदलते. हिशेबात वेळ पावलापावलाने पुढे जाते, त्या दर पावलाला प्रत्येकाची तपासणी केली तर रात्र सरेल. म्हणून सगळ्यांना सर्वांत जास्त शक्यताच आहे असं धरतात आणि तेवढेच कण नशिबाने उचलतात. मग फासा टाकायचा: टक्कर खरी की नुसती भरतीची? भरतीची निघाली तर कण त्याच वेगाने, त्याच दिशेने पुढे. 'शून्य टक्कर' म्हटलं की टक्कर झालीच नाही असं वाटतं, पण हिशेबात तर ती धरलेली असते.

जुना कंडेन्सर:
कच्चा लिंबू!

ओटीवरून:
अगदी! धाकट्या भावाला खेळात घ्यावं लागायचं, गडी मोजताना तो असायचा, पण आउट झाला तरी राज्य यायचं नाही. गंभीर लेखात 'लुटुपुटूची टक्कर' लिहा, शाळेत कच्चा लिंबू.

कोरी पाटी:
राहिला शीथ. चकतीजवळचा पट्टा, जिथून इलेक्ट्रॉन जवळजवळ हद्दपार असतात. 'म्यान' म्हटलं की आत तलवार हवी. 'आवरण' म्हटलं की काहीतरी पांघरलेलं. इथे पांघरलेलं काहीच नाही, उलट काहीतरी काढून घेतलेलं आहे. शिवाय हा पट्टा स्थिर नाही. दर आवर्तनात इलेक्ट्रॉन एकदा चकतीपर्यंत येऊन भिडतात आणि मागे सरतात. एका चकतीशी आले की दुसरीकडून ओसरलेले असतात. सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार वेळा.

दुपारचा चहा:
साय? पापुद्रा? काठ?

ओटीवरून:
ही तर पुळण झाली. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला उघडी.

जुना कंडेन्सर:
कोकणातल्यांनी शब्द सुचवला की समुद्र आलाच. शाळा बीडकडची असली तर? तिथे पुळण समजावण्यात दहा मिनिटं जातील. त्यापेक्षा काठ बरा, साडीचा म्हणा नाहीतर नदीचा.

कोरी पाटी:
शाळा उस्मानाबादकडचीच आहे, म्हणजे आताचं धाराशिव. पण काठ जागचा हलत नाही, आणि हलणं हाच तर मुद्दा. दोन्ही शब्द घालून काल आईला पुन्हा वाचून दाखवलं. काठाला ती नुसती हं म्हणाली. पुळणीशी मात्र थांबवलं: "पाणी गेल्यावर तिथे मागे काय उरतं?"

आयन उरतात, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू. आरगॉनचा आयन इलेक्ट्रॉनपेक्षा साधारण 73 हजार पट जड, त्याला एवढ्या घाईने मागे-पुढे होणं जमत नाही. आणि तिथल्या विद्युतक्षेत्रामुळे तो चकतीवर वेगाने आदळतो. सिलिकॉन कोरलं जातं त्यात या माऱ्याचा मोठा हात आहे. हे मी तिला तोवर सांगितलं नव्हतं.

जुना कंडेन्सर:
बरं, पुळण. फळ्यावर लाटेचं चित्र काढा मात्र.