बदकाच्या तळपायाला काळी खपली आलीय, घरी काय करता येईल?

राणी-सोन्याची आई, फुलेवाडी

नमस्कार. आमच्याकडे दोन पांढरी बदकं आहेत, राणी आणि सोन्या. मुलानं आणली तेव्हा दोघं मिळून चपलांच्या खोक्यात मावायची. आता दीड वर्षाची झालीत आणि राणी एकटीच साडेतीन किलो भरते. रविवारपासून ती उजवा पाय जपून टाकतीय. दोन पावलं चालते, बसते, परत उठते. काल टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली आणि पाय उलटा करून बघितला. तळव्याच्या मधोमध तुरीच्या डाळीएवढी काळी खपली आहे, भोवती लालसर आणि थोडी सूज. बोट लावलं की पाय ओढून घेते.

खाणंपिणं व्यवस्थित आहे, अंडंही दिलं सकाळी. मागच्या बाजूला शहाबादी फरशी आहे, तिथंच दोघं असतात. तीन आठवडे पावसानं उघडीप दिली नाही, त्यामुळं फरशी सतत ओली. कपडे धुवायच्या दगडावर चढून तिथनं खाली उडी मारायची दोघांनाही सवय आहे.

एका दवाखान्यात फोन केला तर बदक बघत नाही म्हणाले. शेजारचे काका सांगतात, ब्लेडनं खपली काढ, आत बी असतं, ते निघालं की मोकळी होईल. माझं धाडस होईना. कुणी हे केलंय का?

पेठेतली मावशी, शिवाजी पेठ

बाळ, ब्लेड खाली ठेव आधी. मग पुढचं वाच.

माझ्याकडे अकरा वर्षं बदकं आहेत. पहिल्या वर्षी चांदणी नावाची मादी होती, तिला अगदी असंच झालं होतं. मलाही कुणीतरी हेच सांगितलं, आतलं बी काढा म्हणून. मी काढलं. पिवळट, घट्ट, मेणाच्या गोळीसारखं निघालं आणि मला वाटलं झालं काम. पण रक्त थांबेना, जखम खोल गेली, आणि तशा पायानं ती परत त्याच ओल्या जागेत फिरली. चौथ्या दिवशी सूज वरच्या सांध्यापर्यंत गेली. खाणं सोडलं आणि गेली. ते बी पक्ष्यांच्या डॉक्टरनं काढायचं असतं, भूल देऊन, स्वच्छ हत्यारानं. आपण घरी फक्त वरवरचं, नवीन दुखणं बरं करायचं. तुझ्या राणीचं तेवढंच दिसतंय, म्हणून सांगते.

आधी दोन्ही तळवे दोन हातांत धरून बघ. दुखरा पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का? सूज बोटांमध्ये किंवा वर सांध्याकडे चढलीय का? तसं असेल तर घरी काही करू नकोस, गाडी काढ आणि डॉक्टरकडे ने. नसेल तर पुढचं कर.

मेडिकलमधून एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आण. मेडिकलमधूनच हं, कृषी सेवा केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी स्वस्त मिळते, पण ते उसाला टाकायचं खत आहे, जखमेला नाही. घमेल्यात तीन-चार लिटर कोमट पाणी घे, अर्धी वाटी सॉल्ट विरघळव आणि राणीला त्यात दहा-पंधरा मिनिटं उभी कर. पाणी तिच्या घोट्याच्या वर येईल एवढंच. बदक पाणी दिसलं की चोच घालणारच, आणि हे पाणी पोटात गेलं तर जुलाब होतात. म्हणून आधी साधं पाणी पोटभर पाजून घे, आणि एका हातानं मान वर राहील असं बघ. मी मांडीवर परात घेऊन बसते आणि समोर वाटाण्याचे दाणे एकेक देते, म्हणजे लक्ष तिकडं राहतं.

मग मऊ सुती कापडानं पाय पूर्ण कोरडा कर. बोटांमधल्या पडद्याच्या घडीतसुद्धा ओल राहता कामा नये. बीटाडीनचं पातळ औषध उकळून गार केलेल्या पाण्यात फिक्क्या कोऱ्या चहाच्या रंगाचं करून घे आणि त्यानं तळवा पूस. वर बीटाडीनचंच मलम, अगदी पातळ. मलम घेताना वेष्टणावरची नावं वाच. लिग्नोकेन, बेंझोकेन असं काही 'केन'नं संपणारं दिसलं तर ठेव परत, बधिर करणारी ही औषधं पक्ष्यांना धोक्याची असतात. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. फेस येतो म्हणून चांगलं वाटतं, पण चांगली कातडीही जळते आणि जखम भरायला वेळ लागतो.

त्यावर न चिकटणारं गॉज चौकोनी कापून ठेव, आणि स्वतःलाच चिकटणारी पट्टी (कुत्र्यांना बांधतात ती) बोटांच्या मधनं एकदा आणि घोट्याभोवती एकदा गुंडाळ. घट्ट ओढू नकोस. तासाभरानं बोटं बघ, गार किंवा सुजलेली लागली तर सोडून परत बांध. पट्टी रोज बदलायची. चार-पाच दिवसांत खपली मऊ होऊन आपोआप सुटली तर सुटू दे. टोक उचललेलं दिसलं तरी ओढायचं नाही.

आता खरं काम. राणीचा पाय औषधानं बरा होईल, पण त्याच फरशीवर सोडलीस तर महिन्यात दुसरा पाय धरेल. शहाबादीचा खडबडीतपणा, त्यावर सतत ओल आणि विष्ठा, वर साडेतीन किलोचं वजन दगडावरनं खाली आदळतंय. तळव्याला बारीक चीर पडते आणि तिथनं जंतू आत शिरतात. तो धुण्याचा दगड उद्याच्या उद्या फळी लावून बंद कर. निम्म्या जागेवर गोठ्यात घालतात ती रबरी मॅट टाक, वर सुताराकडचा रंध्याचा भुगा चार बोटं जाड. भाताचं तूसही चालतं. गुऱ्हाळावरची चिपाडं कुणी फुकट दिली तरी आणू नकोस. भिजली की आतनं बुरशी धरतात, आणि बुरशी बदकाच्या फुफ्फुसात बसली की औषधाला दाद देत नाही. रोज सकाळी ओला झालेला भाग काढून कोरडा टाक. आणि वर पत्रा. बदक पाण्यातलं असलं तरी रात्री बसायला त्याला कोरडंच लागतं.

पट्टी आहे तोवर टबात पोहणं बंद, पण पाण्याचं भांडं चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढं खोल ठेव, नाहीतर नाक-डोळे चोंदतात. पट्टी सुटली की मात्र रोज पोहू दे. पाण्यात पायावर भार येत नाही.

पाव, भात, ब्रॉयलरचं खाद्य देत असशील तर कमी कर, वजन त्यानंच वाढतं. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर दे.

आर. के. नगरवाला

आमच्या गावाकडं हळद आणि खोबरेल लावतात, कधी चुनाही लावतात. ते चालेल का मावशी?

पेठेतली मावशी, शिवाजी पेठ

चुना अजिबात नको दादा, भाजतं. हळदीनं अपाय होणार नाही, पण त्यावर विसंबून राहू नका. खोबरेल लावलं तर ते पायावर थोडंच राहतं! बदक चोचीनं पिसं विंचरतं, तेल सगळ्या पिसांना लागतं, मग पाणी अंगात मुरतं आणि पावसाळ्यात गारठून जातं.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, गडहिंग्लज

मावशींनी सांगितलं ते बरोबर आहे. तीन गोष्टी जोडतो. घरातली दुखण्याची गोळी कुठलीच देऊ नका. डायक्लोफिनॅक दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती किती मेली हे आपण बघितलंय, 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली ती त्यामुळंच. डॉक्टरनं अँटिबायोटिक दिलं तर ते सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, कोंबड्यांनाही घालायची नाहीत. आणि पट्टी बदलताना हातमोजे घाला. या जखमेत बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू असतात, ते आपल्या हाताच्या चिरेतूनही जातात. लहान मुलाला पाय धरायला लावू नका.

पाय लंगडतोय पण तळवा स्वच्छ आहे असं असेल तर दुखणं वेगळं असतं. वाढत्या पिल्लांचे पाय वाकडे होत असतील तर नायसिन (ब-3 जीवनसत्त्व) कमी पडतंय का ते बघावं, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकांना ते जास्त लागतं.

राणी-सोन्याची आई, फुलेवाडी

मावशी, बारावा दिवस आज. पाय गरम नव्हता, सूजही वर चढली नव्हती, म्हणून घरीच केलं. पहिले दोन दिवस राणीनं माझ्या हाताला चावून लाल केलं, तिसऱ्या दिवसापासून वाटाणे दिसले की स्वतःच परातीत येऊन उभी राहायला लागली. सहाव्या दिवशी गॉज काढताना खपली त्याच्याबरोबरच आली. खाली गुलाबी, कोरडी कातडी होती, रक्त नाही. आणखी चार दिवस पट्टी ठेवली.

मिस्टरांनी दगडाभोवती फळी ठोकली, मॅट आणली. सुतारानं दोन पोती भुगा दिला, पैसे घेतले नाहीत. काल सोन्याचेही पाय उलटे करून बघितले. त्याच्या डाव्या तळव्याला एक बारीक तांबडा ठिपका आहे, अजून खपली नाही. त्याला कोमट पाणी आजपासून सुरू केलं.

राणी आज दुपारी टबात उतरली. पाऊण तास बाहेर आली नाही.